अक्षर कुठलं?

पहिला खरा ठोसा बसला तेव्हा दुखलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बॉक्सिंग करते म्हटलं की समोरचा सगळ्यात आधी तेच विचारतो. नाकावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, बसला, डोळ्यांत टचकन पाणी आलं, पोहताना नाकात पाणी गेल्यावर होते तशी झणझण कपाळापर्यंत गेली आणि तिच्या मागोमाग राग आला. एवढा राग की पुढची वीसेक सेकंदं मला आठवतच नाहीत. समोरच्या मुलीला मात्र नीट आठवतात. ती अजून सांगते, "ताई, तुम्ही डोळे गच्च मिटले, मान खाली घातली आणि दोन्ही हात गरागरा फिरवत माझ्यावर आलात. मी नुसती बाजूला झाले." मी सरळ दोरांत जाऊन अडकले.

तेव्हा मी 31 वर्षांची होते आणि आठ महिने नेमाने सरावाला जात होते. बॅगवर माझे ठोसे चांगले बसायचे, आवाजही झकास यायचा. त्यामुळे स्वतःबद्दल जरा गैरसमज झाला होता. बॅग उलट मारत नाही, हे ध्यानात यायला एक जॅब पुरला.

सरांनी मला दोरांतून सोडवलं, हेडगार्डचा पट्टा काढला आणि म्हणाले, "मारता येतंय तुला. घेता येत नाही. उद्यापासून मारणं बंद."

मार घ्यायला शिकवणार म्हणजे काय, याची माझी कल्पना फार भडक होती. रोज थोडं थोडं बदडतील, अंगाला घट्टे पडल्यासारखं होईल, मग काही वाटेनासं होईल, असं काहीतरी. प्रत्यक्षात सरांनी मला भिंतीपाशी उभं केलं. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, पाठ जेमतेम टेकलेली, दोन्ही हात गालांपाशी, हनुवटी छातीकडे. मागे सरकायला जागाच नाही. मग त्यांनी 16 औंसांचे जाडजूड ग्लोव्हज चढवले, दोन्हींच्या पुढच्या फुगीर भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि मार्करने एकावर 'क' आणि दुसऱ्यावर 'म' लिहिलं.

"हळू येणारेय. लागणार नाही. तोंडावर टेकायच्या आत अक्षर वाचायचं. मोठ्याने."

पहिला ग्लोव्ह आला तो खरोखर बाळाला टपली मारावी इतका हळू. तरी मी डोळे मिटले. दुसऱ्यालाही मिटले. तिसऱ्याला मिटले नाहीत, पण मान बाजूला वळली आणि ग्लोव्ह कानावर टेकला. सर म्हणाले, "बघ, नाक वाचवायला गेलीस आणि कान दिलास. कानामागे बसला असता तर तोल गेला असता." दर वेळी ते एकच शब्द विचारायचे: "अक्षर?" आणि मी दर वेळी अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचे. पन्नास टक्के बरोबर यायचं, कारण अक्षरं दोनच होती. हे त्यांच्या लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक फेरीआधी मला पाठ करून उभं करायचे आणि पट्टी बदलायचे.

चेहऱ्याकडे काही झेपावलं की पापणी मिटते, ही काही भित्रेपणाची खूण नव्हे. ती शरीराची उपजत सोय आहे, डोळा वाचवण्यासाठी केलेली. ती पूर्ण मोडता येत नाही आणि मोडूही नये. मोडायचं असतं ते तिच्या जोडीने होणारं बाकीचं सगळं: मान फिरणं, हनुवटी वर जाणं, खांदे कानांपर्यंत चढणं, श्वास अडकणं, हात पुढे पसरणं. माझं नवव्या दिवशी सुटायला लागलं. त्या दिवशी मी सलग अकरा अक्षरं बरोबर वाचली. अकराव्याला ग्लोव्ह कपाळावर टेकलेला असताना मी 'ठ' म्हणत होते, आणि तो 'ठ' लिहिताना सरांची शेपटी जरा लांब गेली आहे हेसुद्धा मला दिसलं होतं. मग त्यांनी वेग वाढवला. टपलीची चापट झाली, चापटीचा ठोसा झाला. तरी अक्षर विचारणं थांबलं नाही.

याला एवढं महत्त्व का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते मॅनी पॅकियाओ आणि हुआन मॅन्युएल मार्केझ यांची चौथी लढत पाहताना. दोघे आधी तीनदा भिडले होते, 2004, 2008 आणि 2011 मध्ये. तीन लढतींचे मिळून पुरे 36 राउंड झाले, त्यात मार्केझने पॅकियाओला कितीतरी कडक उजवे मारले आणि पॅकियाओ एकदाही आडवा झाला नाही. 8 डिसेंबर 2012 च्या लढतीत सहाव्या राउंडच्या अगदी शेवटी तो जॅब मारत पुढे घुसला आणि मार्केझचा उजवा त्याला समोरून बसला. पॅकियाओ तोंडावर पडला आणि बराच वेळ हलला नाही. माणूस तोच, मारणारा तोच, हातही तोच. मी तो तुकडा कितीतरी वेळा मागे-पुढे करून पाहिला. पॅकियाओ स्वतःच्याच वेगाने ठोशावर चालून जातो आहे आणि तो येतोय हे त्याला दिसलेलं नाही, असं मला दर वेळी वाटतं. येणारा ठोसा दिसला की मान आपोआप ताठ होते, दात आवळले जातात, डोकं बोटभर का होईना सरकतं. दिसला नाही तर मान सैल असते आणि सगळा हिसका डोक्याला बसतो.

भिंतीनंतर पोट. खरं तर या भागात शिकणं सोपं होतं, कारण अंग खरोखर कणखर होतं. आडवं झोपायचं, पाय किंचित उचलायचे, आणि जोडीदारणीने तीन किलोचा मेडिसिन बॉल पोटावर टाकायचा. बॉल टेकतो त्या क्षणी दातांतून 'श्श' असा छोटा श्वास सोडायचा. सगळा नाही, थोडाच. छाती भरून श्वास धरून ठेवला तर ठोसा बसताच तो फुग्यातून निघावा तसा निघतो आणि मग माणूस मासोळीसारखा तोंड उघडत बसतो. पूर्ण सोडून दिला तर पोट पोकळ. अर्धा ठेवायचा. बॉक्सर ठोसा मारतानाही असाच आवाज काढतात. तो दम दाखवायला नसतो, त्याने पोट आवळलं जातं आणि त्याच क्षणी उलट ठोसा आला तर आपण तयार असतो.

तयार असणं किती महत्त्वाचं, याची गोष्ट म्हणून सरांनी जादूगार हुडिनीचं नाव घेतलं. आपलं पोट कितीही मार सोसतं, असा त्याचा लौकिक होता. ऑक्टोबर 1926 मध्ये मॉन्ट्रियलला तो कोचावर आडवा पडलेला असताना एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटात ठोसे मारले, तो पोट आवळायच्या आत. 31 ऑक्टोबरला तो गेला, अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरल्यामुळे. अपेंडिक्स त्या ठोशांनीच फुटलं की आधीच सुजलेलं होतं, यावर आजही वाद आहे. सरांना त्या वादात रस नव्हता. त्यांना कोच महत्त्वाचा होता.

दोन महिन्यांत पोट बरंच पक्कं झालं. मला वाटलं, हा विषय संपला. मग एके दिवशी स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीत, तीच मुलगी, जिने मला पहिल्यांदा दोरांत पाठवलं होतं, डावा हात माझ्या डोळ्यांसमोर वर नेल्यासारखा करून खाली आली आणि माझ्या उजव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला डावा हुक, कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, ठेवून गेली. ठेवूनच, फार जोरात नाही. मी मनात म्हटलं, हा तर काहीच नाही. मी एक जॅबसुद्धा मारला. आणि मग, किती वेळाने ते सांगता येणार नाही, पण 'काहीच नाही' हे वाक्य मनात पूर्ण व्हायच्या सुमारास, खालून कुणीतरी वीज बंद केली.

डोकं लख्ख होतं. सगळं ऐकू येत होतं, घड्याळाची टिकटिकसुद्धा. पाय मात्र माझे राहिले नव्हते. मी गुडघ्यावर आले, मग कोपरावर, मग कपाळ रिंगच्या कॅनव्हासला टेकलं. श्वास घ्यायचा म्हणजे काय करायचं तेच आठवेना. दुखणं एका जागी नव्हतं. पोटातून पाठीत, पाठीतून खांद्यात, आणि वर मळमळ. उठावं असं मनात होतं, अगदी मनापासून होतं. शरीराने ऐकलं नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाने सगळं जसं आलं तसं ओसरलं आणि मी उठून बसले. मला एकदम हसू यायला लागलं. ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.

यकृत उजव्या बाजूला असतं आणि त्याचा खालचा काठ बरगड्यांच्या कडेशी येतो. तिथे कितीही उठाबशा आणि क्रंचेस केले तरी पोटाच्या पुढच्या स्नायूंसारखी भिंत उभी राहत नाही. तिथे धक्का बसला की नसांवाटे अशी काही उलथापालथ होते की रक्तदाब झपकन उतरतो आणि शरीर स्वतःच आडवं व्हायचं ठरवतं. क्षणभराचा उशीरही त्यातलाच. 18 सप्टेंबर 2004 ला बर्नार्ड हॉपकिन्सने नवव्या राउंडमध्ये ऑस्कर दे ला होयाला याच जागी डावा हुक मारला. दे ला होया ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला, कितीतरी वजनगटांत विजेता राहिलेला माणूस. तोही शुद्धीवर असून दहा आकड्यांच्या आत उठू शकला नाही. मनाची ताकद वगैरे गप्पा मारणाऱ्यांना मी ही लढत पाहायला सांगते. छातीच्या हाडाखालची जागाही तशीच. 1897 साली बॉब फिट्झसिमन्सने जिम कॉर्बेटला चौदाव्या राउंडमध्ये तिथेच मारून जगज्जेतेपद घेतलं होतं.

यकृताला एकच संरक्षण: आपलं कोपर. त्यानंतर महिनाभर सरांनी माझ्या उजव्या बगलेत घडी केलेला नॅपकिन ठेवला. सराव संपेपर्यंत तो खाली पडता कामा नये. मारायचं असेल तर उजव्या हाताने मारायचं आणि परत येऊन नॅपकिन पकडायचा. पहिल्या दिवशी तो किती वेळा उचलला, मोजलं नाही. घामाने पार लगदा झाला होता त्याचा.

आता डोक्याविषयी. इथे मात्र मला लांबड लावावी लागणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीच्या समजुती याच बाबतीत आहेत आणि मी स्वतः त्यातल्या एकीची किंमत मोजली आहे.

पोट कणखर होतं, नडग्या-बरगड्यांना सवय होते, नाकसुद्धा काही काळाने कमी कुरकुर करतं. मेंदूला सवय होत नाही. तो मऊ असतो, कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात अलगद असतो, आणि डोकं झटक्यात फिरलं की तो कवटीमागून फिरतो. सरळ कपाळावर बसलेला ठोसा त्या मानाने परवडला. तिथलं हाड जाड आहे आणि डोकं मागे ढकललं जातं, फारसं फिरत नाही. हनुवटीच्या टोकावर बसलेला हुक म्हणजे लांब दांड्याच्या शेवटाला दिलेला धक्का. डोकं गर्रकन फिरतं आणि दिवा मालवतो. म्हणून हनुवटी छातीकडे, खांद्याआड. म्हणून माउथगार्डवर दात आवळलेले. जबडा सैल ठेवणाऱ्याचा जबडा मोडतो. मोहम्मद अलीचा जबडा 31 मार्च 1973 ला केन नॉर्टनने मोडला होता. तो तशाच जबड्याने बारा राउंड पूर्ण लढला आणि गुणांवर हरला. सर ही गोष्ट दोन वेगवेगळ्या कामांसाठी वापरायचे. तोंड उघडं ठेवणाऱ्यांना घाबरवायला, आणि 'असलं शौर्य इथे चालणार नाही' हे सांगायला.

मग मान. बाकावर उताणं झोपून डोकं कडेबाहेर सोडायचं आणि 'हो' म्हणतो तसं हलवायचं. मग पालथं, मग दोन्ही कुशींवर. रबरी पट्टा डोक्याभोवती लावून कुणीतरी ओढायचं आणि आपण मान ढळू द्यायची नाही. शेवटी डोक्याला पट्ट्यांची टोपी आणि खाली लटकलेली अडीच किलोची चकती. पहिला आठवडा मला उशीवरून डोकं उचलायला हात लावावा लागायचा. मान ठणठणीत असली तर डोकं आणि धड मिळून एकच वजन झाल्यासारखं होतं, आणि जड वस्तू कमी झटक्यात फिरते. पण मान ताठ करायला ठोसा दिसायला हवा. पुन्हा अक्षर आलंच.

आणि दिसला की त्याच्याबरोबर जायचं. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसं डोकं ठोशाच्याच दिशेने थोडं जाऊ द्यायचं. ठोसा बसतो, पण पुरता बसत नाही. सर अर्ध्या जोराने हुक मारायचे आणि मी गुडघ्यांतून वाकत त्याच्याखालून फिरायचे. पाहणाऱ्याला वाटतं, बाई काय मार खातेय. खरं तर त्यातला निम्मा हवेत गेलेला असतो. 'अमक्याची हनुवटी दगडाची आहे' असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्यांच्यातले पुष्कळ जण हेच करत असतात. सगळे नाही. कॅनडाचा जॉर्ज चुवालो 93 व्यावसायिक लढती लढला, अलीशी दोनदा, जॉर्ज फोरमन आणि जो फ्रेझरशीही. त्याला कुणीही एकदासुद्धा खाली पाडलं नाही. हे शिकवून येत नाही, ती ज्याची त्याची घडण. सरांच्या मते हे वरदान नाहीच. "जो पडतो त्याला रेफरी थांबवतो. जो पडत नाही तो खातच राहतो."

माझी फजिती इथेच झाली. मधल्या काळात मी दुसऱ्या एका क्लबात शनिवारी स्पारिंगला जायला लागले होते. त्याचं नाव घेत नाही. तिथे नव्या माणसाची 'परीक्षा' घ्यायची रीत होती. माझ्यापेक्षा वीसेक किलो जड असलेल्या गड्यासमोर मला उभं केलं आणि तिथले कोच म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." त्या वेळी मला ते वाक्य पटलंसुद्धा. आज वाटतं, ती म्हण दगडासाठी आहे. तिसऱ्या राउंडला त्याचा उजवा हुक माझ्या कानशिलावर बसला. काजवे चमकले म्हणतात ते खरोखर चमकतात, कडेकडेने, चांदीच्या रंगाचे. मी पडले नाही. उरलेला राउंड लढले. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि मी हेडगार्ड काढून खुशीत घरी गेले.

हेडगार्डबद्दलही बोलते. त्याने भुवई फुटत नाही, कान सुजत नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच, आणि वर आपल्याला वाटतं की आपण सुरक्षित आहोत. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2013 मध्ये पुरुषांच्या वरच्या स्तरावरून हेडगार्ड काढून टाकलं तेव्हा असंच काहीसं कारण दिलं होतं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविना लढले आणि महिला ते घालून. त्या शनिवारी माझं हेडगार्ड उत्तम दर्जाचं होतं, एवढंच सांगते.

रविवारी डोकं जड. सोमवारी दिव्याखाली बसवेना. मंगळवारी मला एक साधा शब्द आठवेना: कात्री. समोर कात्री पडलेली आणि मी 'ते... ते कापायचं' म्हणतेय. कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर स्पारिंग बंद झालं असतं, आणि मी तर 'परीक्षा' पास झाले होते ना! बुधवारी मी सरांकडे सरावाला गेले.

त्या दिवशी त्यांनी काय मनात आणलं कोण जाणे, पॅड धरायच्या आधी मला भिंतीपाशी उभं केलं. बऱ्याच महिन्यांनी. चिकटपट्टी लावली, ग्लोव्ह आला. "अक्षर?" मी सांगितलं. बरोबर होतं. दुसरं, तिसरं, चौथं. सगळी बरोबर. सरांनी ग्लोव्हज काढले.

"कुठे लागलंय?"

"कुठे काय?"

"अक्षर बरोबर सांगतेस. पण ग्लोव्ह टेकल्यावर सांगतेस. आधी सांगायचीस."

मी तिथेच रडायला लागले, आणि तेही मला नेहमीसारखं वाटलं नाही. डॉक्टरांनी मेंदूला मार बसल्याचं निदान केलं, आणि सरांनी महिनाभर रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही असं बजावलं. आधी पूर्ण विश्रांती, मग चालणं, मग दोरीच्या उड्या, मग बॅग, आणि प्रत्येक पायरीवर डोकं दुखलं की एक पायरी खाली. डॉक्टर एक गोष्ट फार शांतपणे म्हणाल्या: पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, अगदी हलका जरी, तरी मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते आणि ती जीव घेऊ शकते. बुधवारी सरांनी भिंतीपाशी उभं केलं नसतं तर त्याच संध्याकाळी मी स्पारिंग करणार होते. नावसुद्धा लिहून ठेवलं होतं फळ्यावर.

त्या महिन्यात मी बरंच वाचलं. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने 1928 मध्येच बॉक्सरांच्या या आजारावर लिहिलं होतं: झोकांड्या, अडखळती जीभ, मंदावलेलं डोकं. लोक आधीपासूनच अशा बॉक्सरला 'पंच ड्रंक' म्हणत, ठोशांनी झिंगलेला. 1982 मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर पंधरा राउंडच्या लढती बारावर आल्या. आणि अली. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासामध्ये त्याने दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले, फोरमनला दमवलं आणि आठव्या राउंडमध्ये पाडलं. ती लढत मी कितीदा पाहिली असेन! आता पाहते तेव्हा नजर त्याच्या हातांवर जाते. कितीतरी ठोसे त्याने दंडांवर आणि ग्लोव्हजवर घेतले होते, मान मागे दोरांबाहेर नेऊन चुकवले होते. पण सरावातही तो जोडीदारांना मुद्दाम मारू द्यायचा, अंग पक्कं व्हावं म्हणून. 1984 मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. ठोशांचा त्यात वाटा किती, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. मी मात्र मुद्दाम मारू देणं तेव्हापासून सोडलं.

आमच्याकडे आता स्पारिंग बहुतेक दिवस 'टच'वर होतं. डोक्याला फक्त स्पर्श, अंगावर मध्यम. काही दिवस नुसतं अंगावर, डोकं वर्ज्य. डोक्यासकट पूर्ण जोराचं स्पारिंग दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही बरोबरीच्या वजनाशी. काही पोरं याला भित्रेपणा म्हणतात. म्हणोत.

दीड वर्षाने मी पहिली लढत लढले. नवख्यांची, तीन राउंड, दोन-दोन मिनिटांचे. दुसऱ्या राउंडला तिचा उजवा सरळ हात येताना दिसला, अगदी नीट दिसला, आणि तरी बसला. गुडघे क्षणभर सैल झाले. रेफरीने मधे येऊन मोजायला सुरुवात केली. याचीही सरांनी तालीम घेतलेली होती: मोजणी चालू असताना लगेच 'मी ठीक आहे' म्हणून उड्या मारायच्या नाहीत. आठापर्यंतची सगळी सेकंदं वापरायची. नाकाने श्वास, पायांची बोटं बुटात हलवून पाय आहेत ना हे बघायचं, रेफरीच्या डोळ्यांत बघायचं. आणि 'बॉक्स' म्हटल्यावर बदला घ्यायला धावायचं नाही. चिकटायचं, तिचे हात धरायचे, फिरायचं, पंधरा-वीस सेकंदं काढायची. मी तेच केलं. जुनी मी असते तर डोळे मिटून दोरांत गेले असते. तिसरा राउंड माझा झाला, लढत तिची झाली.

कोपऱ्यात सर कात्रीने माझ्या हातांचं बँडेज कापत होते. कात्री हा शब्द आता मला कायम आठवतो. खाली बघतच त्यांनी विचारलं, "मोजणी झाली तो पंच दिसला होता?"

"दिसला होता. उजवा सरळ."

"आणि नंतरचा, दोरांपाशी?"

दोरांपाशी काही बसलं होतं हेच मला आठवत नव्हतं. सांगू की नको, असा विचार मी केला. केला, खोटं कशाला बोलू.

"नाही दिसला."

त्यांनी मान हलवली, बँडेजची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि खिशातली वही काढून माझ्या नावापुढे एक महिना खोडून टाकला.